शेपूट सोडून वाचा

मी एक जुना प्रोब आहे. आता प्रोब म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच, मित्रांनो, कारण माझं नाव कुणाच्या तोंडी नसतं. दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन असतं ना, त्याला लांब वायरने जोडलेला, मुठीत मावणारा, पोटावर फिरवतात तो मी. लोक कौतुक करतात मशीनचं. अहो, मशीन म्हणजे चाकांवरचा टीव्ही. राबतो मी आणि नाव होतं त्याचं.

मला डोळे नाहीत. माझ्या रबरी तोंडामागे स्फटिकाचे शंभराहून जास्त बारीक तुकडे ओळीने बसवलेले आहेत. मी त्यांना माझे दात म्हणतो. प्रत्येक दात माणसाच्या अंगात एक आवाज सोडतो, तुम्हाला ऐकू न येणारा, आणि परत येणारा पडसाद ऐकतो. जिथून पडसाद येतो तिथे पडद्यावर पांढरं किंवा करडं उमटतं. जिथून काहीच येत नाही तिथे काळं राहतं. पाणी, लघवी, नुकतंच सांडलेलं रक्त, ही सगळी काळी दिसतात. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या काळ्याचीच आहे.

माझा जन्मच करवतीखाली झाला. एक अखंड स्फटिक होता, त्याच्या चिंध्या केल्या आणि त्यातून मी झालो. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी भिंगाखाली बघत माझ्या एकेका दाताला वायर चिकटवली. मग मला पाण्याच्या टाकीत बुडवून तपासलं. तपासणाऱ्या बाईने चिठ्ठीवर ‘उत्तम’ असं लिहून ती चिठ्ठी माझ्या खोक्यात टाकली. मला त्या चिठ्ठीचा फार गर्व होता. इथे आल्यावर खोकं फोडलं तेव्हा ती कुणी वाचलीसुद्धा नाही, थर्माकोलबरोबर कचऱ्यात गेली.

मला आणलं ते एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात. त्या शहरात हायवे होता, कारखाने होते आणि जरा धक्का लागला तरी सळई काढणारी माणसं होती. खोकं फोडून तास झाला नसेल, तोच ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये चिरडलेल्या एका माणसाला आत आणलं. त्याच्या पोटावर सोनोग्राफीचं चिकट जेल ओतलं, ते रक्तात मिसळून गुलाबी झालं आणि त्यातच मला टेकवलं. आत बघतो तर सगळीकडे काळं. आतडी त्या काळ्यात तरंगत होती. मला धरणाऱ्या डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “पोट रक्ताने भरलंय. वर ऑपरेशनला न्या.” तो लिफ्टमध्येच गेला. पहिल्याच दिवशी आपण अपशकुनी ठरलो, असं मला वाटलं. पण तिथे रोजच असं होतं. आठवड्याभरात मी सुऱ्यांचे वार ओळखायला लागलो, मोडलेल्या फासळ्यांचा करकराट ऐकायला लागलो आणि मेल्या छातीतली शांतताही मला कळायला लागली.

त्या डॉक्टरीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. बुटक्या, पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले. बाई कधी ओरडल्या नाहीत. राग वाढेल तसा त्यांचा आवाज उतरत जायचा. तो ऐकूच येईनासा झाला की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. अपघात विभागात पहिला हात लागतो तो शिकाऊ डॉक्टरांचा, मोठे डॉक्टर मागून येतात, आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो, हे बाईंनी फार बघितलं होतं. म्हणून मला शिकाऊ पोरांच्या हातात द्यायचं त्यांनी ठरवलं. विभागाचे मोठे सर्जन म्हणाले, “पोरांच्या हातात कशाला देता? मोडून ठेवतील.”

“सर, रक्त आपली वाट बघत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्याच आठवड्यापासून दर मंगळवारी दुपारी कापडी पडद्यामागच्या कोपऱ्यात वर्ग भरवायला लागल्या.

बाई पोरांना सांगायच्या, “पोटातलं रक्त बाहेरून दिसत नाही. माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, बायकोला निरोप देत असतो आणि आतून रिकामा होत असतो. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत. चार जागा बघायच्या. उजव्या फासळ्यांखाली, डाव्या फासळ्यांखाली, छातीच्या हाडाखाली आणि ओटीपोटात. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये फट असते. उताण्या माणसाचं रक्त बहुतेक वेळा तिथे उतरतं. ती फट काळी दिसली की हातातलं सगळं टाकून मला हाक मारा.”

पोरं शिकायची एकमेकांच्या पोटावर. चुकेल त्याने पुढच्या खेपेला पलंगावर झोपायचं, असा बाईंचा नियम होता. जेल थंडगार, पोरं कुडकुडायची, हसायची. एकदा बाईंनी एकाला विचारलं, “काय दिसतंय?”

“ढग दिसतात, बाई.”

“मग हवामान खात्यात जा. इथे मूत्रपिंड शोधतात.”

आणि मला धरायचं कसं? नवी पोरं मला फुलासारखं धरायची. बाई त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवून मला फासळ्यांमध्ये असं दाबायच्या की पलंगावरचा पोरगा कळवळायचा. “दुखलं तर दुखू दे,” त्या म्हणायच्या. “मेलेल्या माणसाला दुखत नाही.”

त्या वर्गात एक उंच पोरगा होता, लंबू म्हणायचे त्याला. त्याच्या हातात मी गेलो की मलाच हायसं वाटायचं, इतका नेमका हात. कारखान्याच्या फाटकावर भोसकलेल्या एका कामगाराच्या हृदयाभोवती साचलेलं रक्त त्याने अर्ध्या मिनिटात शोधलं आणि तो कामगार जगला. बाई नुसत्या “बरं” म्हणाल्या. लंबू त्या ‘बरं’वर महिनाभर हवेत होता. एक चिमणी होती, एवढीशी, सारख्या शंका काढणारी. तिच्या शंकांनी बाकीच्यांच्या नाकी नऊ यायचे.

आणि मामा होते. मामा म्हणजे विभागातलं सफाईचं आणि उचलाउचलीचं सगळं काम करणारे, तीस वर्षं तिथेच. प्रत्येक रुग्णानंतर मला पुसायचं काम त्यांचं. डॉक्टर लोक मला जेलसकट हुकावर अडकवून पळायचे. मामा मऊ फडक्याने माझं तोंड पुसायचे, वायरचं वेटोळं घालायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, “लेकरांनो, जेवून हात तरी धुता का रे?” मला आयुष्यात माया मिळाली असेल तर ती त्यांच्याकडून, हे मी अगदी उघड सांगतो.

मग ती दुपार आली. दोन गटांच्या मारामारीत डोक्यात दगड बसलेल्या एका तरुणाला आणलं. तो येतानाच मेलेला होता. बाईंनी त्याच्या भावाला तसं सांगितलं. भावाने ऐकून घेतलं, मान हलवली, बाहेर गेला आणि पंधरा-वीस जणांना घेऊन आत आला. “जिवंत होता, तुम्ही मारलात,” म्हणत त्यांनी खुर्च्या काचांवर घातल्या. औषधांचं कपाट पालथं केलं. एकाने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून बाईंवर उगारला, बाईंनी हात आडवा धरला आणि त्यांचं मनगट मोडलं. तो आवाज मी ऐकला. पुढच्या क्षणी कुणीतरी मला हुकावरून ओरबाडलं, वायरने गरगर फिरवलं आणि भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. माझे सहा दात जागच्या जागी फुटले.

माझा राग सांगू? मी त्या माणसाचं पोट बघितलं असतं तर त्यातही हेच सापडलं असतं, यकृत, मूत्रपिंड आणि मधली फट. इतक्या जणांची पोटं उघडी करून मी त्यांचं भलं केलं आणि मला भिंत मिळाली. पोलीस आले तेव्हा जमिनीवर काच आणि रक्त एकत्र झालं होतं. मामांनी मला त्यातून उचललं आणि रबर सुटू नये म्हणून तोंडाच्या कडेने चिकटपट्टी गुंडाळली.

मशीन सुरू झालं. पण माझे मेलेले दात आवाज सोडत नव्हते, म्हणून त्यांच्या खालचा भाग काळा राहायला लागला. पडद्याच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक उभी काळी पट्टी उमटायची. बाईंनी हाताला प्लास्टर असतानाच वर्ग घेतला. त्या म्हणाल्या, “नीट बघा. ही पट्टी रुग्णाची नाही, फुटक्या प्रोबची आहे. काळं दिसलं आणि शंका आली, तर प्रोब सरकवायचा. पट्टी प्रोबची असेल तर पडद्यावर जिथल्या तिथे राहील. काळं माणसाच्या आत असेल तर ते पडद्यावर सरकेल. सरकवल्याशिवाय मला काही सांगायचं नाही.” मग त्यांनी नवीन प्रोबसाठी अर्ज लिहिला. दोन महिन्यांनी आठवण करून देणारं पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की सध्याचा प्रोब चालू स्थितीत असल्यामुळे विनंतीचा विचार करता येत नाही.

चालू स्थितीत! सहा दात पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी असं म्हटलं असतं तर त्याने काठी घातली असती.

मित्रांनो, पुढे जे झालं त्याला कुणी एक माणूस जबाबदार नाही, आणि हेच मला जास्त जाचतं. पोरं महिनाभर सरकवून बघत राहिली. मग कंटाळली. पट्टी रोज तीच, तिथेच. ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली. कुणीतरी तिला ‘शेपूट’ म्हणायला लागलं. जुनी बॅच गेली, नवी आली. जुन्यांनी नव्यांना सांगितलं, “डावीकडे काळं दिसेल, ते शेपूट आहे, त्याच्याकडे बघायचं नाही.” सरकवायचं का असतं, ते सांगायचं राहून गेलं. लंबू आणि चिमणी तिथेच राहून आता वरिष्ठ झाले होते. लंबूनेच एक कागद लिहून मशीनवर चिकटवला, ‘शेपूट सोडून वाचा’. बाईंनी तो कागद वाचला आणि त्या हसल्या. काढून टाका म्हणाल्या नाहीत. मामासुद्धा मला पुसताना म्हणायचे, “चला, शेपटीवाले, अंघोळ करा.” आणि खरं सांगू? मलाही ते आवडायचं. लाड कुणाला नको असतात?

अशी दोन वर्षं गेली.

मग पुन्हा एक दुपार. दोन टोळ्यांची बाहेर कुठेतरी मारामारी झाली आणि दोन्हीकडचे जखमी एकाच विभागात, शेजारशेजारच्या पलंगांवर आले. त्यांच्यामागून त्यांची माणसं आली. बाई तेव्हा एकाची फाटलेली मांडी दोन्ही हातांनी दाबून उभ्या होत्या. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत आलं होतं. पलंगांच्या मधेच मारामारी पुन्हा सुरू झाली. एकाने दुसऱ्याच्या टाक्यांवर ठोसा मारला. सळया निघाल्या. शिकाऊ पोरं जीव मुठीत धरून आमच्या पडद्यामागच्या कोपऱ्यात शिरली आणि मामा पडद्यापुढे हात पसरून उभे राहिले.

“लेकरं आहेत आत,” ते म्हणाले. “माझ्या लेकरांना हात लावायचा नाही.”

एकाने त्यांना ढकलून पाडलं. जाड बुटाची लाथ डाव्या बाजूला बसली. मग दुसरी, मग तिसरी, सगळ्या त्याच जागी. मामा पडद्याला धरून उठले आणि पुन्हा उभे राहिले. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही, म्हणून मारणाऱ्याला वाटलं असेल की लागलंच नाही. तेवढ्यात पोलीस शिरले आणि त्यांच्या काठ्या सुरू झाल्या. ज्यांनी मारलं तेही आता डोकी धरून ओरडत होते. सगळं आटोपलं तेव्हा मामा काचा झाडायला झाडू शोधत होते.

बाई मांडीवरचा हात काढू शकत नव्हत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, “मामांचं पोट बघा. लंबू, तू बघ.”

मामांना आमच्याच पलंगावर झोपवलं. लंबूने मला उजव्या फासळ्यांखाली ठेवलं. आणि मी ऐकलं, मित्रांनो. यकृत होतं, मूत्रपिंड होतं आणि मधल्या फटीतून पडसाद येत नव्हता. बारीकशी फट, आडवी, माझ्या मेलेल्या दातांच्या सावलीला जाऊन भिडलेली. त्यात मामांचं रक्त उतरत होतं. मी माझ्याकडून सगळं दाखवलं. उभी पट्टी माझी, आडवी मामांची. दोन्ही काळ्या, दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या.

लंबूने चित्र थांबवून साठवलं. “स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “काळं दिसतंय ते शेपूट.”

“थोडं सरकवून बघतोस का?” चिमणीने विचारलं.

“दोन वर्षं बघतोय मी हे शेपूट. तुझ्या शंका नंतर काढ, बाहेर नऊ जण पडलेत.” त्याने मला डावीकडे नेलं. मामांनी श्वास रोखला, तसा त्याने मला हलकेच टेकवला. त्यांना दुखवायला त्याचा हात धजला नाही. हलक्या हाताला फासळ्यांच्या सावलीपलीकडचं काहीच दिसलं नाही. त्याने राहिलेल्या दोन जागा भरभर बघितल्या आणि कागदावर लिहिलं, ‘पोट स्वच्छ’.

मी काय करणार होतो? मला ओरडता येतं, पण माझं ओरडणं माणसाला ऐकू येत नाही. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी त्या भिंतीवर आपटणाऱ्याचीही आली नव्हती.

मामा पलंगावरून उतरले. “माझ्या पोटातही शेपूट निघालं म्हणायचं,” ते हसून म्हणाले. मग त्यांनी फडकं घेतलं आणि सवयीने माझं तोंड पुसलं. त्यांची बोटं गार पडली होती. पाऊण तास ते काचा भरत होते. दोनदा भिंतीला टेकले, दोनदा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा टेकले तेव्हा चिमणीने त्यांचा हात धरला आणि तिला नाडी लागेना.

बाई धावत आल्या. त्यांनी मला उचललं, टेकवलं आणि सरकवलं. माझी पट्टी जिथल्या तिथे राहिली. काळं मात्र सरकलं, आणि आता ते चहूकडे पसरलेलं होतं. बाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. मामांना वर नेलं. प्लीहा फाटली होती, डाव्या फासळ्यांखालची, जिथे त्या तीन लाथा बसल्या तिथली. संध्याकाळ व्हायच्या आत मामा गेले.

चौथ्या दिवशी मामी आल्या, मामांचं कपाट रिकामं करायला. एक जोडी चपला, एक स्वेटर, चष्म्याचं घर. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. लंबू समोर येऊन उभा राहिला. तीन दिवसांत तो वाकला होता.

“मामी, मामांचं पोट मी बघितलं होतं,” तो म्हणाला. “त्यात रक्त होतं. मला ते कळलं नाही. तेव्हाच कळलं असतं तर ते कदाचित वाचले असते.”

मामी उठल्या आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. मग दोन्ही हातांनी, छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. लंबूने हात वर केला नाही. चिमणी पुढे झाली, तिला बाईंनी मागे ओढलं. मामींचे हात थकले तेव्हा त्या त्याच्याच शर्टाला धरून रडल्या.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. “दाखव मला,” त्या म्हणाल्या. “काय दिसलं नाही ते दाखव.”

लंबूने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. मशीन सुरू झालं आणि साठवलेलं चित्र पडद्यावर आलं. मामी जवळ गेल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. सोनोग्राफीचा पडदा आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

“ही उभी काळी पट्टी कसली?”

“ती प्रोबची आहे, मामी. तो फुटलाय. ती आम्ही सोडून देतो.”

मामींनी बोट थोडं सरकवलं आणि पडद्यावर टेकवलं.

“आणि ही आडवी?”

  बाई म्हणाल्या, “ते रक्त आहे.”

“हे तर मला दिसतंय,” मामी म्हणाल्या.

त्या गेल्यावर बाईंनी मशीनवरचा कागद फाडला. मग ड्रेसिंगची मोठी कात्री घेऊन त्यांनी माझी वायर कापली. दुखलं, पण मी तक्रार करणार नाही. आठ दिवसांत नवा प्रोब आला. दोन पत्रांनी जे झालं नाही ते एका मरणाने झालं. मी आता वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. लंबू मंगळवारचा वर्ग घेतो. मला खाली काढतो, नव्या पोरांच्या हातात देतो आणि मामांची गोष्ट पहिल्यापासून सांगतो, स्वतःचं ‘काळं दिसतंय ते शेपूट’ हे वाक्य न गाळता.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझं मागणं उलटं आहे. मी फुटलो, त्याच दिवशी मला फुटका म्हणून टाकून द्यायचं होतं. तुम्ही मला टोपणनाव दिलंत, माझे लाड केलेत आणि माझी सवय करून घेतलीत. त्या सवयीत मामा गेले.